घर बाहेर, मी छपरावर

माझ्या घराच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी हुक आहेत. क्रेनवाल्याला उचलायला सोपं जावं म्हणून.

घर म्हणजे पोर्टाकॅबिन. एक नाही, दोन. एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या, आणि मधला सांधा पत्र्याच्या पट्टीने झाकलेला. पूर्वी त्या कुठल्याशा रस्त्याच्या कामावर साइट ऑफिस होत्या. रस्ता झाला, ऑफिस उठलं, आणि आमचे घरमालक अबू सालिम यांनी त्या ट्रेलरवर घालून मस्कतजवळच्या अल अमेरातला, आपल्या घराच्या मागच्या अंगणात आणून ठेवल्या. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. आमच्या बेडरूमच्या दारावर अजून अरबीत 'डिझेलची चौकशी इथे करावी' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं आहे. ऑफिसात मी सगळ्यांना सांगतो, "आम्ही मोबाइल होममध्ये राहतो." ऐकायला भारी वाटतं. मग कोणी घरी येतो म्हणाला, की मी विषय बदलतो.

अबू सालिम मला 'मुहंदिस' म्हणतात. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. मी अल् खुवैरमधल्या इमारतींच्या एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. पहिल्याच दिवशी मी ही चूक दुरुस्त करणार होतो, पण तेवढं अरबी मला येत नव्हतं. पुढे आलं, तेव्हा ती दुरुस्त करावीशी वाटेना! मस्कतमध्ये हिंदी न येणारा ओमानी माणूस शोधून सापडत नाही म्हणतात. आम्हाला न शोधता सापडला. अबू सालिम आतल्या डोंगराकडच्या गावातून आलेले; अरबी सोडून दुसरी भाषा नाही, आणि मदत करायची हौस मात्र दांडगी.

गेल्या वर्षी बाबा गेले. गावच्या घरात आई एकटी पडली. एकदा फोनवर तिच्या मागून कुणाचातरी आवाज येत होता, म्हणून विचारलं, "आई, कोण इलाहा?" तर म्हणाली, "कोण नाय रे, टीव्ही. चालू ठेवतंय, माणूस असल्यासारखा वाटता." त्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही. मला ती माझ्याकडे हवी होती, बस. कायमची. ती तयार झाली, पण घरचे देव बरोबर घेऊन. "आणि माका गमला तरच रवतलंय," हेही विमानात बसायच्या आधीच सांगून टाकलं.

मी तिला फोनवर घराचं जे वर्णन केलं होतं त्यात एक शब्द खोटा नव्हता. स्वतंत्र घर. पुढे अंगण. मागे डोंगर. आई आली, घराभोवती एक फेरी मारली, भिंतीवर बोटाने टकटक केलं, आणि म्हणाली, "बाबल्या, ह्यो डबो मां?"

माझी बायको सुजाता पुण्याची. तिने हसू आवरायला तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. (सुजाता मला एरवी 'अरे' म्हणते. आई आल्यापासून 'अहो' झालं होतं, आणि त्या 'अहो'ला एक धार आली होती.)

देव्हारा बसवायला पूर्वेची भिंत एकच मोकळी होती. तिथे देव्हारा बसला. शिसवी लाकडाचा, पुढे दोन दारं, दारांवर पितळेच्या फुल्या. आई रोज पूजा झाली की दारं लावून कडी घालते, देवांना वाऱ्यात बसवत नाही. सगळं मनासारखं झालं. फक्त ती भिंत दोन केबिनींच्या सांध्याखाली येत होती.

आठवडाभराने एका दुपारी पावसाची सर आली. इथे पाऊस म्हणजे सण. अबू सालिम अंगणात उघड्यावर उभे राहून दोन्ही हात वर करून "मतर! मतर! अल्हम्दुलिल्ला!" करत होते, त्यांचे शेजारी गाड्या काढून वादीला, म्हणजे एरवी कोरड्या पडलेल्या नदीला, पाणी आलं का बघायला निघाले होते. आणि आत आमची आई पूजेला बसली होती.

"बाबल्या!"

"काय गे?"

"बाळकृष्णाच्या डोक्यार पाणी गळता."

मी बघितलं. गळत होतं. अगदी नेमाने, थांबून थांबून, बाळकृष्णाच्या मुकुटावर. आईने देव्हारा ओढून बाजूला घेतला, बाळकृष्णाला पदराने पुसलं, आणि शांतपणे म्हणाली, "पयल्यांदा झाला म्हणान गप रवतंय. परत देवार एक थेंब जरी पडलो, तर मी देव घेतलंय आणि गावाक गेलंय." आई रागावून बोलली असती तर मी समजूत काढली असती. ती शांतपणे बोलली, म्हणजे बॅग भरायला घेतली असं समजायचं.

झालं! मी कामाला लागलो. आधी वाटलं, एवढ्याशा गळतीसाठी छपरावर कशाला चढायचं? मी एसीवाला माणूस. एसीतून गळणारं पाणी आम्ही काय करतो? खाली ट्रे लावतो, ट्रेला पाइप जोडतो. मी छताला ट्रे ठोकला, त्याला पाइप जोडला, पाइप भिंतीवरून फिरवून स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये सोडला. म्हणजे गळती थांबवली नाही, तिला वळण लावलं. मोठ्या अभिमानाने आईला दाखवलं.

आईने ट्रे बघितला, पाइप बघितला. "देवाच्या डोक्यार गटार घातलंस?"

सुजाताचे खांदे पुन्हा हलायला लागले.

तेवढ्यात मोबाइलवर इशारा आला, की शुक्रवारी संध्याकाळपासून मोठा पाऊस, वादीपासून दूर राहा. म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत छपराचा निकाल लावणं भाग होतं. मी ऑफिसच्या स्टोअरमधून (रीतसर विचारून, हसू नका) डांबरी चिकटपट्टीची दोन भेंडोळी आणली, ब्रश आणला, खरवडणी आणली. सिलिकॉनच्या नळ्याही आणल्या. शुक्रवारी जेवण झाल्यावर ध्यानात आलं, की नळ्या आणल्या, नळी दाबायची बंदूक राहिली.

"अहो, नेमकी तीच?" सुजाता म्हणाली.

"दुकानं चारला उघडतील. तू आणि ईशा गाडी घेऊन जा, मी तोवर वरची साफसफाई उरकतो." ईशा आमची मुलगी, सहावीत. तिचं मराठी अडखळत चालतं, इंग्रजी धावतं, आणि अरबी शाळेत शिकते.

त्या दोघी गेल्या. मी शिडी लावली आणि वर चढलो. छपरावर इतकी वर्षं साचलेली धूळ होती. आधी ती झाडली, मग जुनं सिलिकॉन खरवडायला पालथा झोपलो. आता इथे आईबद्दल एक सांगायला हवं. समोरचा माणूस काहीही बोलला, की आई "बरां, बरां" म्हणते. शहरातली माणसं 'बरं, बरं' म्हणतात तेच, पण आमच्याकडे त्यातला 'रां' जरा ठासून निघतो. कळलं तरी "बरां, बरां," आणि कळलं नाही तर दोनदा जास्त.

खाली अबू सालिमांचा आवाज आला. शुक्रवार असल्याने त्यांच्याकडे सगळे पुतणे जेवायला जमले होते. मुहंदिस छपरावर चढलेला दिसला, आई आत एकटी आहे हेही दिसलं, तेव्हा दोन आडदांड पुतणे घेऊन ते मदतीला आले. दारात उभं राहून त्यांनी खोकून वर्दी दिली. आईने "येवा, येवा" केलं. त्यांनी डोक्यावरच्या गळतीकडे बोट दाखवलं, मग खालच्या पलंगाकडे, आणि अरबीत काहीतरी विचारलं. 'पलंग जरा सरकवू का?' असंच असणार.

"बरां, बरां," आई म्हणाली.

"हाजिर!" अबू सालिम म्हणाले. म्हणजे जशी आज्ञा.

मला वर एवढंच ऐकू आलं, आणि समाधान वाटलं. बघा, भाषा येत नाही तरी कसं जमतंय! मी खरवडत राहिलो. खालून सारखं चालू होतं: अबू सालिमांचा प्रश्न, आईचं "बरां, बरां," मग "हाजिर!" आणि काहीतरी उचलल्याचा आवाज. गळतीखालचं सामान बाजूला करतायत, छान. डांबरी पट्टीचा प्लास्टिक कागद सोलला आणि ती सांध्यावर लावायला घेतली. ही पट्टी एकदा चिकटली की निघत नाही. हे मला माहीत होतं, त्यामुळे ती आधी माझ्या ट्रॅकपँटच्या गुडघ्याला चिकटली तेव्हा मी निदान चकित झालो नाही.

गुडघा सोडवायला उठून बसलो, आणि अंगणात नजर गेली.

अंगणात आमचा हॉल होता.

तसाच्या तसा! गालिचा अंथरलेला. त्यावर सोफा, सोफ्यासमोर टीपॉय, टीपॉयवर सुजाताचं मासिक, उघडं होतं त्याच पानावर. पलीकडे टीव्ही त्याच्या स्टँडवर. आणि त्यापलीकडे आमचा पलंग, चादर ताणून नीट केलेली. अबू सालिम मागे सरून, डोळे बारीक करून, सोफा सरळ रेषेत आहे का ते बघत होते.

"आई!" मी ओरडलो. "ह्या काय चल्लाहा?"

आई दारात आली. "अरे, माणूस गुणाचो आसा. एक एक विचारून नेता."

"पण सगळा भायर कित्याक?"

"तेंची पद्धत आसतली. छप्पर दुरुस्त करताना घर रिकामा करीत असतले. आपण कित्याक मोडतो घालूचो?"

आता बघा, हे मला पटलं! आपण परक्या मुलुखात, त्यांच्या रितीरिवाजांचा मान राखावा, असं मी कंपनीत नव्या पोरांना नेहमी सांगतो. तरी मी उतरून बघायचं ठरवलं. छपराच्या कडेला गेलो. शिडी नव्हती. दोन पुतणे तीच आडवी धरून तिच्यावर आमचं कपड्यांचं कपाट घालून घेऊन चालले होते.

"अबू सालिम!" मी वरून हाक मारली. "लेश?" म्हणजे का?

"माम्मा!" ते छातीवर हात ठेवून म्हणाले. माम्माची इच्छा. मग घराच्या दारातून फ्रिजकडे बोट दाखवत त्यांनी मला, घरातल्या कर्त्या पुरुषाला, अदबीने काहीतरी विचारलं. मला त्यातला 'फ्रिज' तेवढा कळला. फ्रिज जड आहे, जपून सरकवतो, असं म्हणत असणार. बारा वर्षं ओमानात काढलेला माणूस मी, अंदाज येतोच.

"बरां, बरां!" मी वरून म्हणालो. आईशी मालवणी बोलताना तेच तोंडात बसलेलं.

अबू सालिमांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती, पण मुहंदिसच सांगतोय म्हटल्यावर इलाज नव्हता. फ्रिज बाहेर आला. मागोमाग त्याची वायर, आणि वायरीला धरून आई.

डोंगराच्या वर ढग एव्हाना काळे झाले होते. मी घाईने उरलेली पट्टी लावून टाकली. तेवढ्यात फाटकातून आमची गाडी आत आली आणि सोफ्यापासून हातभर अंतरावर थांबली. सुजाता उतरली. तिने सोफा बघितला. टीव्ही बघितला. पलंग बघितला. फ्रिज उघडून दूध बघितलं. मग वर बघितलं.

"अहो, आपलं घर बाहेर का आहे?"

"त्यांच्यात पद्धत आहे," मी म्हणालो.

"कुणात? आणि तुम्ही वर काय करताय?"

"शिडी नाहीये."

"कुठंय शिडी?"

"कपाटाखाली."

"अरे, पाऊस येईल आता!" 'अहो' संपलं होतं.

घरातून पुन्हा अबू सालिमांचा प्रश्न ऐकू आला, या वेळी जरा हळू आवाजात, आणि पाठोपाठ आईचं "बरां, बरां." ईशा गाडीतून उतरता उतरता थबकली.

"बाबा, आजी त्यांना सारखी आउट, आउट का सांगते?"

"कुठे सांगते?"

"आत्ता सांगितलं ना! बर्रा, बर्रा. अरबीत बर्रा म्हणजे बाहेर. आम्ही मस्ती केली की आमची अरबीची मॅम तेच ओरडते."

आता हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही! अल् खुवैरच्या इमारतीचा वॉचमन मी गाडी चुकीच्या जागी लावली की मला रोज तोच शब्द ऐकवतो. पण तो वॉचमनचा बर्रा, आणि आईचा बरां आईचा. दोन्ही एकाच कानात जात होते आणि वेगवेगळ्या खणांत पडत होते. खाली मांडलेल्या संसाराकडे बघताना मला ते सगळे प्रश्न आता कळले. पलंग? बाहेर, बाहेर. टीव्ही? बाहेर, बाहेर. फ्रिज, मुहंदिस, फ्रिजसुद्धा? बाहेर, बाहेर!

पावसाचा पहिला टपोरा थेंब माझ्या टकलावर पडला, आणि त्याच क्षणी अबू सालिम दारातून बाहेर आले. त्यांच्या हातात देव्हारा होता.

दारं लावलेला, पितळेच्या फुल्यांचा लाकडी पेटारा. इथल्या जुन्या घरांत बायकांची दागदागिने ठेवायची अशीच पितळी खिळ्यांची लाकडी पेटी असते. त्यांना ती माम्माची तीच पेटी वाटली होती, म्हणून पुतण्यांना हात लावू न देता त्यांनी स्वतः उचलली होती. मागे आई, हात पुढे करून, "सांभाळान हां, सांभाळान," म्हणत. तिला वाटत होतं, ते देव कोरड्या जागी नेतायत.

परत देवार एक थेंब जरी पडलो.

"नको!" मी ओरडलो. "बर्रा माफी! बर्रा माफी!" माफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'. बाहेर नाही, बाहेर नाही!

"माफी कित्याक मागतंस?" आईने खालून विचारलं. "काय केलंस तू?"

आणि पत्र्यावर वाजायला लागलेल्या थेंबांच्या आवाजात अबू सालिमांना ऐकू आलं ते फक्त 'बर्रा'. ते आधीच बाहेर होते. आता आणखी बाहेर म्हणजे कुठे? त्यांनी माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. पाऊस कोसळायला लागला. मग त्यांनी डोक्याचा मुसर, म्हणजे फेटा, सर्रकन सोडला, देव्हाऱ्यावर टाकला, देव्हारा छातीशी धरला आणि पळत सुटले. उघड्या डोक्याचा, साठी उलटलेला, पायघोळ पांढऱ्या दिशदाशातला माणूस आमच्या सोफ्याला वळसा घालून, गालिच्यावरून, त्यांच्या घराला लागून असलेल्या सिमेंटच्या खोलीकडे. त्यांच्या मागे आई. आईच्या मागे ईशा. ईशाच्या मागे दोन पुतणे, शिडी घेऊन!

"शिडी!" मी ओरडलो.

कुणी वळलं नाही. मग मी कोपऱ्यातला हुक धरला आणि स्वतःच उतरायचं ठरवलं. पाय खाली सोडले, हात हुकावर, आणि अर्ध्यावर आल्यावर गुडघ्याची डांबरी पट्टी पत्र्याच्या भिंतीला चिकटली. मी लटकलो. सुजाता एकटीच पावसात टीव्हीवर चादर घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि आधी टीव्ही झाकला.

एका पुतण्याने मला सोडवलं तेव्हा आमचा गालिचा तरंगण्याच्या बेतात होता. ट्रॅकपँटचा एक गुडघा भिंतीवर राहिला, तो अजून आहे. आणि घर? घर आतून कोरडं ठणठणीत होतं. एक थेंब गळत नव्हता. माझी पट्टी लाजवाब बसली होती! फक्त कोरडं राहावं असं काही आत उरलं नव्हतं.

पण माझं लक्ष घराकडे नव्हतं. मी धावत त्या खोलीत गेलो. आई जमिनीवर बसून देव्हाऱ्यावरचा ओला मुसर सोडत होती. कडी काढली. दारं उघडली. एक एक देव हातात घेऊन, पदराचं टोक फिरवून बघितला. बाळकृष्ण शेवटी. माझ्या मनात एवढंच चाललं होतं, की ही आता उठली आणि तिकिटाचं बोलली तर मी काय करू.

"सुके आसत," आई म्हणाली. "सगळे सुके."

मला रडू आलं. चेहरा पावसाने भिजलेला होता, म्हणून निभावलं.

अबू सालिम कोपऱ्यात निथळत उभे होते. त्यांनी ईशाला अरबीत विचारलं, पेटीत सोनं आहे का. ईशाने सांगितलं, की आजीचे देव आहेत. ते एकदम गंभीर झाले. मग काळजीने काहीतरी विचारलं, आणि ईशाने ते मराठीत आणायला बराच वेळ घेतला. "आजी, ते विचारतात, मी अपसाइड डाउन... म्हणजे, उलटं तर नाही ना पकडलं?"

आई हसली. आधी पदराआड, मग पदर सोडून, खोखो. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मग मी माझ्या मुहंदिसी अरबीत 'बरां' आणि 'बर्रा'चा घोळ समजावला. अबू सालिम कपाळावर हात मारून पायरीवरच बसले. त्यांना वाटलं होतं, की आमच्याकडे पाऊस आला की घरातल्या सगळ्या वस्तू पावसाला दाखवतात. "म्हटलं, किती छान रिवाज!" ते म्हणाले. "पण फ्रिजचं मला जरा जास्त वाटलं, म्हणून मुहंदिसला विचारून घेतलं."

सगळ्यांनी मुहंदिसकडे बघितलं.

तेवढ्यात त्यांची बायको उम्म सालिम कावा, म्हणजे इथली कॉफी, आणि खजूर घेऊन आली. तिने आईला कोरडी शाल दिली, कोरड्या गादीवर बसवलं. ही खोली त्यांच्या मुलाची, सालिमची. तो नोकरीला सोहारला गेला, तेव्हापासून रिकामी. स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, स्वतःचं दार. आई कावा पीत छताकडे बघत होती.

"ह्यो स्लॅब मां?"

"स्लॅब."

"गळता?"

मी विचारलं. अबू सालिम दुखावले. "अबदन!" कधीच नाही.

"मगे सामान सुकासर मी हयच रवतंय," आई म्हणाली.

इथल्या उन्हात आमचं सामान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळलं. सोफा वाळला, गाद्या वाळल्या, टीव्हीसुद्धा लागला. आई परत आली नाही. आठवड्याने मी तिला अंगणात बोलावलं, छपरावर चढलो (शिडी खाली ईशाला धरायला लावून), आणि सांध्यावर होसपाइप सोडून दाखवला. आत एक थेंब नाही.

"चांगला झाला," आई खालून म्हणाली. "तुमका उपयोगी पडतला." आणि गेली. तिला घाई होती. उम्म सालिमकडे मासे आले होते. रोज संध्याकाळी दोघी त्या पायरीवर बसून मासे साफ करतात. ही मालवणीत बोलते, ती अरबीत, आणि दोघींनाही मधे कुणी बोललेलं खपत नाही. मी एकदा भाषांतर करायला गेलो, तर दोघींनी मला आपापल्या भाषेत हाकललं.

शेवटी मी धीर करून विचारलं, "आई, मगे गावाक?"

"गावाक कित्याक जाव? देव सुके आसत. बोलूक माणूस आसा."

आई राहिली. कायमची. मला जे हवं होतं ते झालं, आणि मला मनापासून आनंद झाला. थोडा अपमानही वाटला, खोटं कशाला बोलू, पण आनंद जास्त. फक्त आता आईकडे जेवायला जायचं तर आधी विचारून जावं लागतं. परवा गेलो तर ती फोनवर कुडाळच्या मावशीशी बोलत होती. मी चप्पल काढून दाराशी थांबलो. पलीकडून मावशीने बहुतेक माझी चौकशी केली असावी.

"झील?" आई म्हणाली. "आसा मां. हयच रवता, आमच्या मागल्या खोपटीत."